परसातल्या पायऱ्यांचा कठडा

आमचा फॅब्रिकेशनवाला फोन लगेच उचलायचा, हेच मला जास्त खुपायचं. न उचलणाऱ्या माणसावर निदान मनसोक्त चिडता तरी येतं. हा गडी गोड आवाजात म्हणायचा, ताई, तुमचंच काम हातात घेतोय, उद्या सकाळी येतोच. मग मी सकाळी शाळेत उशिरा येत असल्याचा निरोप द्यायची, मागचं दार सताड उघडून बसायची, आणि तो यायचा नाही. मापं तो गणपतीच्या आधीच घेऊन गेला होता. त्यानंतर नवरात्र आलं, मग कुणाच्या तरी गाळ्याचं शटर निघालं, मग त्याच्या साडूकडे लग्न निघालं. माझा कठडा काही निघाला नाही.

काम तरी केवढं, तर मागच्या दाराच्या तीन पायऱ्यांना धरायला एक कठडा. इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाउसमध्ये आई आणि मी अशा दोघीच राहतो. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरलं की आईचं परस लागतं. जास्वंद, तगर, मोगरा, कोपऱ्यात पारिजातक. आई सिन्नरकडच्या फुलमळ्यातली, तिचं अर्धं आयुष्य शेवंती खुडण्यात गेलेलं. शहरात आल्यावर तिने सगळं सोडलं, पण सकाळी अंघोळ करून परडी घेऊन परसात उतरायचं आणि देवाची फुलं स्वतःच्या हाताने आणायची हे सोडलं नाही. या पावसाळ्यात उतरताना तिचा पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं, पण आई काही परसात उतरेना. पायऱ्या बघितल्या की ती दारातूनच मागे फिरायची. फुलपुडी दारावर यायला लागली आणि आई पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर एवढीच चालायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, या वयात त्या बसल्या तर बसल्याच, काहीतरी करून चालत्या ठेवा. मी तिला पुढच्या रस्त्यावर फिरायला नेऊन बघितलं. ती म्हणायची, रस्त्यावर काय काम हाय माझं? खरंच काही काम नव्हतं. तिचं काम परसात होतं. तिच्या पिंढऱ्या बारीक होताना मला दिसत होत्या आणि मला भीती वाटत होती. मला भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुना स्वभाव आहे. त्यामुळे त्या दिवसांत मी सतत चिडलेलीच असायची.

तशात मला मोबाइलवर वेल्डिंगचे व्हिडिओ बघायची सवय लागली होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाया काय काय शिकतात, आमच्या शाळेतल्या एक बाई सतार शिकतात, दुसऱ्या क्रोशाचे रुमाल विणून सगळ्यांच्या गळ्यात मारतात. मला मात्र दोन लोखंडं वितळून एक होताना बघायला आवडायचं. बघता बघता वाटलं, यात काय आहे एवढं? मी भूगोल शिकवते, ज्वालामुखी फळ्यावर काढते, मला एक रॉड धरता येणार नाही? फॅब्रिकेशनवाल्याने पुन्हा एकदा उद्या म्हटलं, तशी मी फोन ठेवून थेट अंबडच्या कारखान्यांच्या भागात गेले आणि खांद्याला अडकवता येईल एवढं छोटं वेल्डिंग मशीन घेऊन आले. दुकानदाराने मशीन दाखवताना माझ्या मागे बघत विचारलं, साहेब पार्किंगला गेलेत का? मी म्हटलं, साहेब मीच आहे, रॉडचा पुडा पण द्या.

व्हिडिओत माणूस रॉड लोखंडावर काडेपेटीच्या काडीसारखा घासतो आणि लख्ख उजेड पडतो. मी घासला की रॉड चिकटायचा. चिकटायचा म्हणजे असा, की ओढला, हलवला, पिळला तरी सुटायचा नाही, उलट तापून लाल व्हायचा आणि मशीन घोंघावायला लागायचं. जास्त वेळ गेला की घरातला मेन स्विच पडायचा. आत आईची मालिका ऐन भांडणात बंद व्हायची आणि आतून आवाज यायचा, झालं का तुझं? त्यात डोळ्यांसमोर धरायची ती काळी काच. ती लावली की ठिणगी पडेपर्यंत काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणजे जिथे टेकवायचं ती जागा दिसावी म्हणून उजेड हवा, आणि उजेड पडावा म्हणून जागेवर नेमकं टेकवायला हवं. ही व्यवस्था ज्याने कुणी ठरवली त्याला माझ्यासमोर उभं करावं, असं मला रोज वाटायचं.

त्यात शेजारचे काका होते. काका अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात होते, आता निवृत्त. त्यांनी जन्मात कधी रॉड हातात धरला नव्हता, पण दुसऱ्यांनी केलेले जोड नापास करण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नव्हतं. माझ्या मशीनचा आवाज आला की ते कंपाउंडच्या भिंतीपलीकडे स्टुलावर उभे राहायचे. मी घाम पुसत काच वर केली की भिंतीवरून त्यांचं डोकं दिसायचं. ताई, जोडाच्या आत जळकी खपली राहिलीय. ताई, कडेला लोखंड खाल्लंय. ताई, हे बघा, पावाच्या कापासारखी भोकं पडलीत. मग कसं करू म्हणून विचारलं की काका म्हणायचे, ते काम प्रॉडक्शनवाल्यांचं, आमचं काम सांगायचं. त्यांना मी कितीदा तरी चहा पाजला, केवळ चहा पिताना तोंड बंद असतं म्हणून.

पातळ पाइप आणला तर त्याला भोकं पडली. भोक बुजवायला गेले तर भोक मोठं झालं. जाड पाइप आणला तर वरून छान दिसणारा जोड हातोडी मारली की कडक पापडासारखा निघून हातात यायचा. ठिणग्यांनी माझी एक सलवार चाळणी झाली. चप्पल घालून बसायचा मूर्खपणा मी एकदाच केला, पायावर अजून डाग आहे. आणि एका रविवारी, काच लावून कंटाळा आला म्हणून, एवढा एकच टाका मारायचाय असं म्हणत मी नुसते डोळे मिटून टाके मारत बसले. मिटलेल्या डोळ्यांना कसला त्रास, असं माझं शास्त्र. संध्याकाळी डोळ्यांत मूठभर वाळू घातल्यासारखं झालं. आईने बटाट्याचे काप करून डोळ्यांवर ठेवले, काकांनी भिंतीवरून गुलाबपाणी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून देता देता मला असं झापलं की मी वर्गात कुणाला झापलं नसेल. त्या म्हणाल्या, वेल्डर चुकतात ते तरी पोटासाठी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

त्या दोन दिवसांत, डोळे मिटून पडल्या पडल्या, मी मशीन विकायचं ठरवलं होतं. पण आई उशाशी खुर्ची घेऊन बसायची आणि मधूनच उठली की मला तिच्या चालण्याचा आवाज ऐकू यायचा. पाय उचलत नव्हती ती, घासत होती. तो आवाज ऐकल्यावर मशीन विकायचं काही बोलता आलं नाही.

मग हळूहळू, मला न कळता, हात बसला. रॉड चिकटायचा कमी झाला. घासायचं नाही, टेकवून लगेच किंचित उचलायचं, आणि उचललेलं अंतर तसंच ठेवत सरकत जायचं. हे मला दहा जणांनी दहा व्हिडिओंत सांगितलं होतं, पण हाताला ते तेव्हा कुठे समजलं. आवाज बदलला. आधी फाटफाट व्हायचं, आता कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज यायला लागला. एके दिवशी खपली झाडली आणि खाली ओळीने नीट वळ्या उमटलेल्या दिसल्या. मी तो तुकडा आईला नेऊन दाखवला. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, याचं काय करायचं? मी म्हटलं, काही नाही. मग मला हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

कठडा मी नीट विचार करून आखला होता. आई पडली उतरताना. उजव्या मनगटात अजून जोर नाही. म्हणजे उतरताना डाव्या हाताशी धरायला हवं. म्हणून दारातून खाली बघितलं की डाव्या अंगाला दोन खांब, त्यांच्यावर पायऱ्यांच्या उताराने गेलेला गोल पाइप. खांबांना खाली पट्ट्या जोडल्या, पायऱ्यांना भोकं पाडून त्या बोल्टने आवळल्या. काकांनी येऊन हातोडीने प्रत्येक जोड ठोकला आणि वरच्या खांबाचा एक जोड तडकला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. मी तो जोड पूर्ण घासून काढला आणि पुन्हा केला. नंतर मी स्वतः त्या पाइपला लटकून बघितलं, झोके घेतले, लाथा घातल्या. माझी भीती सरळ होती. यातला एक जोड सुटला तर आई पडेल, आणि या खेपेला ती माझ्यामुळे पडेल. काका शेवटी नाराजीनेच म्हणाले, पास.

ज्या दिवशी मी कठड्याला हिरवा रंग दिला, त्याच दिवशी, कुणी सांगितल्यासारखा, फॅब्रिकेशनवाला दारात उभा राहिला. हातात टेप, कारण आधीची मापं हरवली होती. त्याने कठडा पाहिला, कुठून करून घेतला म्हणून विचारलं. मी केला म्हटल्यावर त्याने माझ्याकडे, मग कठड्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला, म्हणजे आता मी यायला नको ना ताई? मला त्याला टेपने बांधून ठेवावंसं वाटलं.

रंग वाळला. सकाळी आईची अंघोळ झाली, मी तिच्या हातात परडी दिली आणि मागचं दार उघडलं. आई दारात आली. कठड्यावर हात ठेवला, हलवून बघितला. मला वाटलं, आता उतरते. ती तिथेच उभी. खाली बघते, पलीकडच्या रिकाम्या बाजूला बघते, माझ्याकडे बघते. मग शांतपणे वळून खुर्चीत जाऊन बसली.

मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काय नाय. मी म्हटलं, भीती वाटते का, मी धरते. ती नको म्हणाली. मग मात्र माझा तोल गेला. इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर पडलं, ते डोळे, ती सलवार, काका, अंबडच्या चकरा. तुझ्यासाठी मी हातपाय भाजून घेतले आणि तू हात लावून परत फिरतेस, असं बरंच काही बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"उतरायचं जमंल मला. पण येताना परडीत देवाची फुलं असतील ना? ती उजव्या हातात धरायची. मग वर येताना तुझा कठडा कोणत्या हाताला येतो, बघ बरं."

मी दारात जाऊन उभी राहिले. उतरताना डावीकडे असलेला कठडा चढताना उजवीकडे येतो. हे कळायला भूगोलाची पदवी लागत नाही, आणि पदवी असून मला ते कळलं नव्हतं. उजव्या हाताने कठडा धरायचा तर देवाची फुलं डाव्या हातात घ्यायला हवीत, आणि ते आईच्या हातून या जन्मात होणार नाही. त्यातून उजव्या हातात परडी पेलण्याइतकाच जोर, स्वतःला वर ओढण्याइतका नाही.

मी वाद घातला, कारण वाद घातल्याशिवाय मला काही मान्य करता येत नाही. म्हटलं, पिशवी गळ्यात अडकव. ती म्हणाली, अंगाला लागलेली फुलं देवाला चालत नाहीत. म्हटलं, परडी आधी वरच्या पायरीवर ठेव आणि मग चढ. पाय ठेवायच्या जागी फुलं ठेवू का? म्हटलं, मग उलटी चढ, पाठ घराकडे करून. यावर तिने रिकामी परडी माझ्याच हातात दिली. शेवटी मी ओरडलेच, की मग इतके दिवस तोंडाला काय कुलूप घातलं होतंस? डोळ्यांदेखत करत होते ना मी?

"मला वाटलं, दुसऱ्या बाजूला बी करणार हाय. तू नुसती मला खाली उतरवायची सोय केलीस, बाई. वर माझं मीच यायचं का?"

ती हे रागाने बोलली नाही. त्यामुळेच मला ते फार लागलं. गेले कित्येक महिने ती पडली ते मी रोज मनात बघत होते, खाली जाणारी आई, सटकणारा पाय. ती फुलं घेऊन परत वर येते, देवघरात बसते, तिचा दिवस तिथून सुरू होतो, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत घासली.

त्याच दिवशी मी पुन्हा अंबडला गेले. दुकानदाराने या खेपेला साहेबांची चौकशी केली नाही. दुसऱ्या बाजूला नवीन त्रास होता, तिथे पायरीच्या कडेला पावसाच्या पाण्याची पन्हाळ होती, खांब तिथे बसेना. तो जरा आत घ्यावा लागला, पाइप वाकडा आला, पहिल्यासारखा देखणा काही होईना. काकांनी वाकडेपणा पाहून तोंड उघडलं, पण माझ्याकडे बघून मिटलं. आई यावेळी दारात खुर्ची टाकून बसली. उजेडाकडे बघू नको, असं दर टाक्याला मी ओरडत होते आणि ती दर टाक्याला पदर डोळ्यांवर घेऊन विचारत होती, झालं का? मी एकदा काच वर करून तिला म्हटलं, सारखं विचारलंस तर होणार नाही. ती बरं म्हणाली आणि पुढच्या टाक्याला पुन्हा विचारलं.

पाइप किती उंचीवर हवा, हे मात्र या वेळी मी तिला विचारलं. तिला दाराच्या उंबऱ्यावर उभं केलं आणि तिचा डावा हात सहज जिथे टेकला तिथे खडूने खूण केली. ती खूण पहिल्या कठड्यापेक्षा बरीच खाली होती. पहिल्या वेळी मी माझ्याच हाताने माप घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी तो पहिला पाइपही कापून काढला आणि खाली घेतला. कापताना मी कुणाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

रंग वाळेपर्यंत आईला धीर नव्हता. सकाळी मी शाळेची साडी नेसत होते तेव्हा मागच्या दाराची कडी वाजली. मी निऱ्या हातात धरून तशीच धावले. आई पहिल्या पायरीवर होती, डावा हात कठड्यावर, उजव्या हातात रिकामी परडी. मी काही बोलले तर ती घाबरेल म्हणून मी ओठ दाबून धरले. मला माझा प्रत्येक टाका आठवत होता, विशेषतः खालच्या खांबाचा, जिथे हात आखडून मारला होता. ती एक पायरी उतरायची, दोन्ही पाय त्या पायरीवर आणायची, मग दुसरी. खाली जाऊन तिने जास्वंदीची चार-पाच फुलं खुडली, पारिजातकाखाली वाकून सडा वेचला, तगरीच्या फांद्या वाढल्या म्हणून कुणाला तरी, बहुतेक मलाच, नावं ठेवली. मग वळली. भरलेली परडी उजव्या हातात, आणि डावा हात वाकड्या पाइपवर. एकेक करत तीनही पायऱ्या चढून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या तळहाताला हिरवा रंग लागला होता. ती म्हणाली, ओला हाय अजून.

परडी देवघरात नेऊन ठेवली आणि ती पुन्हा मागच्या दाराकडे निघाली. मी म्हटलं, अगं आता कुठे, देव खोळंबलेत, मला उशीर होतोय. ती म्हणाली, एक फूल राहिलं झाडावर. मी दारातून बघितलं. जास्वंदीवर एकही फूल नव्हतं, तगरीवर नव्हतं, पारिजातकाखाली तिने काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मी शाळेत उशिरा येत असल्याचा निरोप दिला आणि तिला उतरू दिलं.